कापड थोडं असताना त्रिकोणांची गोधडी कशी मांडावी

दारव्ह्याकडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझ्याकडे एक मीटर गडद निळी खादी, अर्धा मीटर हळदी रंगाचं पॉपलीन, वडिलांची दोन जुनी धोतरं, आईचं लाल काठाचं जुनं लुगडं आणि शर्टांची थोडी कात्रणं आहेत. लेक नागपूरला होस्टेलवर जाते आहे. तिला नव्या पद्धतीची, त्रिकोणांची गोधडी हवी. एवढ्यात भागेल का? आणि मांडणी कशी करू?"

ताई, कापड पुरतं. नीट बेतलं तर निळं उरतंसुद्धा. फक्त आपली एक जुनी सवय मोडावी लागेल. गोधडीत चांगलं कापड आपण पंगतीत वाढल्यासारखं वाढतो, प्रत्येक पानावर थोडं थोडं. भरपूर कापड असेल तर ते शोभतं. थोडं असेल तर सगळी गोधडीच अर्धपोटी दिसते. इथे दोन पिवळे, तिथे तीन निळे, आणि नजर कुठेच ठरत नाही. म्हणून थोडं कापड पसरायचं नाही. ते दोन ठिकाणी गोळा करायचं, आणि बाकीची जागा धोतराची पांढरी, मोकळी ठेवायची. तुमच्या लेकीला जे 'नवं' वाटतं ते याच मोकळ्या जागेमुळे वाटतं.

हे काही शहरी डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची, आपल्यासारखीच कापसावर जगलेली वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात वापरून झिजलेल्या पँटी-शर्टांतून गोधड्या शिवल्या. असेल त्या कापडाचे मोठे तुकडे, मोजके रंग. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. त्यांचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ मला आमच्या घरच्या वाकळीच आठवत होत्या. आणि त्रिकोण तर आपल्या नजरेतलाच आहे. भंडारा-नागपूरकडच्या करवती काठाचे दाते बघा, पोळ्याच्या तोरणातल्या पताका बघा.

आता माप. पुष्कळ जणी आधी त्रिकोणाचं माप ठरवतात आणि मग कापड पुरतं का बघतात. थोड्या कापडाला हा क्रम उलटा करा. तुमच्याकडे सगळ्यात कमी काय आहे? पिवळं, अर्धा मीटर. मग माप पिवळ्याला विचारायचं.

अर्धा मीटर म्हणजे १९.७ इंच. धुऊन, आखडून, कडा सरळ केल्यावर १९ हाती लागतात असं धरा. त्रिकोणाची तयार बाजू सात इंच ठेवली तर मायेसकट, म्हणजे शिवणीत आत जाणाऱ्या कापडासकट, पट्टी साडेसहा इंचांहून किंचित जास्त रुंद लागते. अशा तीन पट्ट्यांना बरोबर १९.७ इंच हवेत, म्हणजे दोनच निघतात आणि जवळपास सहा इंच कापड वाया जातं. आता बाजू साडेसहा इंच करा. पट्टी सहा इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) होते, तीन पट्ट्यांना साडेअठरा इंच पुरतात. अर्धा इंच कमी केला आणि पट्ट्या दोनाच्या तीन झाल्या. ४४ इंच पन्ह्याच्या, म्हणजे कापडाच्या रुंदीच्या, एका पट्टीतून, काठ काढल्यावर, उलटसुलट ठेवून ९ पूर्ण त्रिकोण बिनधोक निघतात. म्हणजे सात इंची मापात पिवळे १८ मिळाले असते, साडेसहात २७ मिळतात. निळ्याच्या मीटरातून याच मापाच्या ६ पट्ट्या आणि ५४ त्रिकोण निघतात. तुमच्या खादीचा पन्हा ३६ इंचच असेल तर एका पट्टीचे ७ धरा, तरी काम होतं.

मग आणखी लहान का नको, असं वाटेल. बारीक तुकडे केले की कापड वाचतं असा समज आहे, पण होतं उलटं. प्रत्येक तुकड्याला तिन्ही बाजूंनी पाव इंच माया द्यावी लागते, आणि ती आत दडून जाते. चार इंची त्रिकोणात कापडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा मायेत जातो. साडेसहा इंचीत पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त. थोड्या कापडाला मोठा तुकडाच परवडतो.

साठ अंशांची पट्टी तालुक्याला मिळणार नाही, आणि तिची गरजही नाही. जाड कागद घ्या, बरोबर साडेसहा इंच रुंद आणि आठ-नऊ इंच लांब. तो उभा अर्ध्यात दुमडून मधोमध घडीची रेघ पाडा आणि उघडा. खालचा डावा कोपरा दाबून धरा. उजवा कोपरा उचलून मधल्या रेघेवर टेकवा, अशा बेताने की नवी घडी डाव्या कोपऱ्यातूनच जाईल. कोपरा रेघेला टेकला तिथे ठिपका द्या. तो ठिपका आणि खालचे दोन कोपरे जोडले की तिन्ही बाजू साडेसहा इंचांच्या. उंची मोजून बघा, पाच इंच पाच सूत भरली पाहिजे. हा त्रिकोण पुठ्ठ्यावर चिकटवा, तिन्ही बाजूंनी दोन सूत माया आखा आणि पुठ्ठा कापा. मायेमुळे वरचं टोक उगाच लांब जातं. ते मूळ टोकाच्या वर दोन सूत ठेवून आडवं छाटून टाका. आता पुठ्ठ्याची उंची सहा इंच एक सूत, म्हणजे बरोबर तुमच्या पट्टीएवढी. पट्टीवर एकदा सुलटा, एकदा उलटा ठेवत जायचं.

आता मांडणी. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. कात्री हातात घेण्याआधी दोन संध्याकाळी फक्त चौकटीच्या वहीवर बसा.

गोधडीत १४ आडव्या ओळी धरा. तळाच्या ओळीत टोक वर असलेले नऊ आणि टोक खाली असलेले आठ असे १७ पूर्ण त्रिकोण, शिवाय दोन्ही कडांना एकेक अर्धा. दुसरी ओळ म्हणजे हीच ओळ उलटी केलेली, तिसरी पुन्हा पहिलीसारखी. तयार माप साडेअठ्ठावन्न इंच रुंद आणि ७९ इंचांना थोडं कमी लांब. एका पोरीला पांघरायला आणि होस्टेलच्या पलंगावर अंथरायला बेताचं.

या सगळ्यात मिळून २३८ पूर्ण त्रिकोण आणि २८ अर्धे होतात. तुमच्याकडे निळे ५४ आणि पिवळे २७. ते पुरतात ते एका युक्तीने: निळे फक्त टोक वर असलेल्या जागी लावायचे, त्यांच्यामधल्या उलट्या जागा पांढऱ्या किंवा कात्रणांच्या ठेवायच्या. डोळा मधली जागा आपोआप भरून घेतो आणि त्याला अख्खा निळा डोंगर दिसतो.

तळाच्या ओळीत डाव्या कडेपासून आठ निळे लावा. दुसरीत सात, तिसरीत सहा, असं करत आठव्या ओळीत एक. झाले ३६, म्हणजे निळ्याच्या चारच पट्ट्या. डोंगर डावीकडे सरकलेला राहील आणि उजवीकडे तळाशी एका त्रिकोणाची जागा मोकळी असेल. तो मध्यभागी आणायचा मोह आवरा, मधोमध ठेवलेला डोंगर देवळाच्या कमानीसारखा थांबून राहतो. आता पिवळा वरून खाली सोडा, टोक खाली करून. सगळ्यात वरच्या ओळीत उजव्या कडेला धरून सहा, त्याखाली पाच, मग चार, तीन, दोन, एक. हे २१ होतात. सात इंची मापात पिवळे १८च निघाले असते आणि इथे अडलो असतो.

निळ्याचं टोक आठव्या ओळीच्या वरच्या रेषेला लागतं आणि पिवळ्याचं नवव्या ओळीच्या तळाला, म्हणजे दोन्ही एकाच रेषेवर येतात, पण एकमेकांना १३ इंच चुकवून. सगळ्या गोधडीचा जीव या १३ इंचांत आहे. तिथे काहीही भरू नका.

डोंगराच्या आतल्या उलट्या जागा २८ आहेत. तळाच्या तीन ओळींतल्या सात, सहा आणि पाच अशा अठरा जागांना शर्टांची कात्रणं लावा, गडद खाली आणि फिकी वर. त्याच्या वरच्या दहा जागा पांढऱ्याच ठेवा. डोंगर पायथ्याशी भरीव दिसेल आणि वर जाता जाता विरळ होईल. पिवळ्याच्या आतल्या पंधराही जागा पांढऱ्याच. लुगड्याचा पदर धड असेल तर त्यातला एकच लाल त्रिकोण डोंगराच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत एखाद्या कात्रणाच्या जागी बसवा. एकच. दोन लावले की नजर एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहते.

आणि धोतराचे त्रिकोण कापत बसू नका. डोंगराच्या आणि पिवळ्याच्या आत मिळून जे पंचवीस पांढरे लागतात तेवढेच कापा. बाहेरची सगळी पांढरी जागा प्रत्येक ओळीत डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा सलग तुकड्यांनी भरा. ज्या टोकाला तो तुकडा रंगीत त्रिकोणाला जोडायचा तिथे पुठ्ठ्याने तिरपी कड आखायची, आणि बाहेरच्या कडेला इंचभर जास्त सोडून शेवटी सरळ छाटायचं. असे २८ सलग तुकडे आणि १०० त्रिकोण मिळून १२८ तुकडे होतात. सगळं तुकड्या-तुकड्याने केलं असतं तर २६६ शिवावे लागले असते. धोतर लांबीला मोठं असतं, म्हणून पट्ट्या लांबीत फाडा. फाटतं तेव्हा ते धाग्यावर सरळ फाटतं. आधी मात्र उजेडात धरून बघा. मांडीवर आणि बसण्याच्या जागी धोतर जाळीसारखं झालेलं असतं, तो भाग थरात घाला, वर घेऊ नका.

कापण्याआधी सगळं कापड धुवायचं, विशेषतः निळं आणि लाल. ओलं कापड पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा. रंग उतरत असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा धुवा. मी एकदा घाईत नवीन लाल कापड न धुता पांढऱ्यात जोडलं होतं. पहिल्याच धुण्यात सगळं पांढरं गुलाबी झालं, आणि ती गोधडी माझ्या भाचीच्या बाळंतपणाची होती.

धुतल्यावर भाताच्या पेजेची पातळ खळ द्या आणि ओलसर असतानाच इस्त्री करा. खळ दिखाव्यासाठी नाही. त्रिकोणाची एक बाजू कापडाच्या सरळ धाग्यावर असते, पण बाकी दोन तिरप्या, उरेबासारख्या ताणतात. पट्टीतून कापलं की सरळ बाजू आपोआप आडवी येते आणि ओळीची लांब कड ताणत नाही, म्हणून पट्टीशिवाय कापू नका. माझी पहिली त्रिकोणी गोधडी मी उरल्यासुरल्या कापडावर पुठ्ठा जसा बसेल तसा फिरवून कापली होती. शिवून जमिनीवर पसरली तर मधून फुगलेली, कडेला लाटा. आई बघत होती, म्हणाली, "कायले घाई करतं वं? कापड काई पयून जाते का?" तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण धाग्याची दिशा तिला बोटाने कळायची. ती गोधडी मी सगळी उसवली.

शिवताना मशीनच्या पट्टीवर सुईपासून बरोबर पाव इंचावर चिकटपट्टी लावा. खरं पाव इंच येतं का ते आधी तपासा. दोन इंच रुंदीच्या तीन चिंध्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा, मधली चिंधी बरोबर दीड इंच भरली पाहिजे. कमी भरली तर टीप आत जाते आहे. एका शिवणीत अर्ध्या सुताची चूक सतरा तुकड्यांच्या ओळीत इंचावर जाते, आणि मग जवळजवळ सलग पांढऱ्या ओळी आणि तुकड्यांच्या ओळी एकमेकींना जुळत नाहीत.

दोन त्रिकोण तिरप्या बाजूंनी जोडताना कोपऱ्याला कोपरा लावू नका. अणकुचीदार टोक दोन्हीकडे सारखंच, साधारण दोन सूत बाहेर डोकावलं पाहिजे. तसं ठेवलं तरच उघडल्यावर ओळ सरळ येते. बाहेर आलेले ते कान नंतर छाटा. ओळीतल्या शिवणी गडद कापडाच्या बाजूला दाबा, कारण धोतर पातळ असतं आणि खालची निळी माया वर दिसते. ओळीला ओळ जोडता ती लांब शिवण मात्र उघडी दाबा, कारण तिथे एका बिंदूत सहा टोकं येतात आणि गाठ होते. इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. ओळी जोडताना टीप टोकाच्या एक-दोन धागे बाहेरून गेली तर चालेल, टोक कापून गेली तर डोंगराचे दाते बोथट होतात. एवढ्यासाठी मी अजूनही उसवते.

थरांबद्दल थोडक्यात. रुई भरू नका. वऱ्हाडातल्या पोरीला बाराही महिने वापरता येईल अशी गोधडी पातळच हवी, आणि होस्टेलच्या बादलीत रुईची गोधडी धुतली जात नाही. खाली लुगड्याच्या दोन लांब्या उभ्या जोडून अस्तर करा, चारी बाजूंनी दोन इंच जास्त ठेवून. मधे उरलेल्या धोतराचा आणि लुगड्याचा एकच सपाट थर. फरशीवर अस्तर ताणून कडांना विटा ठेवा, वर मधला थर आणि त्यावर जोडलेलं त्रिकोणांचं कापड अंथरा आणि मधूनच कडेकडे हातभर अंतराने कच्चे टाके घाला.

आता जे काम आहे ते माझ्या सगळ्यात आवडीचं. पांढऱ्या मोकळ्या जागेत त्रिकोण शिवलेले नाहीत, ते टाक्यांनी काढायचे. डोंगराच्या तिरप्या शिवणी जिथे संपतात तिथून त्याच रेषा पुढे पांढऱ्यात न्या, पुठ्ठा लावून खडूने आखा, आणि निळ्या जाड सुती दोऱ्याने धावदोरा घाला. निळे त्रिकोण संपतात, पण त्यांच्या रेषा चालत राहतात आणि वरच्या पिवळ्याला जाऊन मिळतात. लांबून गोधडी पांढरी दिसते, जवळ आलं की सगळी त्रिकोणांनी भरलेली. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा असावा. त्याहून बारीक घालायच्या नादात हात दुखतो आणि ओळ वाकडी होते. रोज तास-दीड तास बसलात तर महिन्याच्या आसपास होईल.

गोटासाठी, म्हणजे कडेच्या पट्टीसाठी, कापड विकत आणू नका, निळंही तोडू नका. नऊवारी म्हणजे ३२४ इंच. गोधडीचा घेर साधारण २७५ इंच, कोपरे आणि जोड धरून २८५ लागतील. लुगड्याचा एकच काठ सलग चारी बाजूंनी पुरतो. अंग विरलं तरी काठ घट्ट राहतो हे तुम्ही स्वतः बघितलं असेल. अस्तराच्या लांब्या कापण्याआधीच काठालगत दोन इंच पट्टी कापा, तिची कापलेली कड आत दुमडून गोधडीच्या मागच्या बाजूला घ्या आणि विणलेली कड पुढे ठेवून हाताने शिवा. आजीचा लाल काठ चारी बाजूंनी येईल.

निळ्याच्या उरलेल्या दोन पट्ट्यांएवढं कापड कापू नका. गोधडी जेव्हा जेव्हा धुवाल तेव्हा तेही सोबत धुवा, म्हणजे दोन्हींचा रंग सारखाच उतरेल. चार-पाच वर्षांनी डोंगराचा एखादा त्रिकोण फाटला तर ठिगळ त्याच निळ्याचं लागेल.